पंधरा डाव, एक धाव आणि दुधाची यादी

2022 च्या ऑक्टोबरमध्ये मी एका अख्ख्या बेसबॉल सामन्याचा स्कोअर पेन्सिलने कागदावर लिहून पुरा केला. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यात आमचे हेही आहेत. पण मंडळातल्या दोघीतिघींनी तो कागद पाहिला आणि विचारलं, तिकीट कसं काढलंस, कंटाळा नाही का आला, हे आकडे कसले. त्यांना तोंडी सांगता सांगता दमले, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला आम्हाला तोवर अकरा वर्षं झाली होती. आलो तेव्हा इथल्या बेसबॉल टीमचं नाव ‘इंडियन्स’ होतं. माझा टोपीतला फोटो बघून दादरच्या मामेभावाने “आपल्या लोकांची टीम?” असं विचारलं होतं. त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले. 2022 च्या हंगामापासून नाव बदलून ‘गार्डियन्स’ झालं. स्टेडियमला लागूनच 1932 सालचा पूल आहे, त्यावर हातात घोडागाडीपासून ट्रकपर्यंत वाहनं धरून उभे असलेले आठ दगडी रखवालदार आहेत, ते हे गार्डियन्स. नाव मला आवडलं. खेळ मात्र अकरा वर्षं डोक्यावरून जात होता.

स्कोअर लिहायचं खूळ माझ्यात बाबांकडून आलं. बाबा मुंबईच्या कांगा लीगमध्ये, म्हणजे पावसाळी क्रिकेट स्पर्धेत, आमच्या क्लबचे स्कोअरर होते. शिवाजी पार्कात ऐन पावसाळ्यात, गळक्या तंबूत, मांडीवर वही आणि वहीवर अर्धी छत्री. निर्धाव चेंडूला एक ठिपका. षटकाचे सहाही ठिपके निर्धाव गेले की ते रेघेने जोडून त्याचा इंग्रजी ‘एम’ करायचा. बापू नाडकर्णींचं 1964 सालचं मद्रासचं पृथक्करण, 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, त्यातली 21 षटकं सलग निर्धाव, हे बाबा असं सांगायचे की जणू ते पान त्यांनीच भरलं होतं. बळी एकही नाही, ही गोष्ट ते सर्वात शेवटी सांगायचे आणि जरा हळू आवाजात.

तर जूनमध्ये ठरवलं, या हंगामात एक सामना पूर्ण लिहायचा. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “नियम येतात का तुला?” नव्हते येत.

पहिली पायरी म्हणजे आकडे. बेसबॉलच्या स्कोअरमध्ये खेळाडूची नावं लिहीत बसत नाहीत, जागेला नंबर असतो. पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारा) 2, पहिला बेस (बेस म्हणजे धावताना गाठायचं ठाणं) 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, मग मैदानात लांब उभे असलेले तिघे डावीकडून 7, 8, 9. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला 6 का म्हणायचं, ते विचारू नका, पाठ करा. मी चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली होती. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, की चौकटीत 6-3. तीन स्ट्राइक (हुकलेले, किंवा चांगले असून न मारलेले चेंडू) होऊन बाद झाला तर ‘के’. शेवटच्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला तर ‘के’ उलटा, आरशात दिसतो तसा. प्रत्येक चौकटीत बारीक शंकरपाळं छापलेलं असतं. माणूस जितके बेस पुढे गेला तितक्या बाजू गडद करायच्या, आणि फिरून घरी आला, म्हणजे धाव झाली, की पूर्ण शंकरपाळं काळं करायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये टीव्हीसमोर बसून चार कागद फुकट घालवले. पहिल्या दिवशी प्रत्येक चेंडू लिहायला गेले आणि तिसऱ्या डावात हात टेकले. तेव्हा पहिलाच सल्ला: सुरुवातीला फक्त फलंदाजाचं शेवटी काय झालं तेवढंच लिहा. दुसरा: पेनने लिहू नका. तिसरा: डाव संपला की तिथल्या तिथे बाद मोजा. तीन भरले पाहिजेत, नाही भरले तर शेजारच्याला विचारा. हा तिसरा सल्ला मी सगळ्यांना देते. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

25 सप्टेंबरला क्लीव्हलँडने आपला विभाग जिंकला आणि प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या अंतिम फेऱ्यांची, तिकिटं निघाली. मला वाटलं होतं ती आपल्या आवाक्यातली नसणार. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, पहिल्या फेरीची बघा, शनिवारी दुपारची बघा, वरच्या मजल्याची बघा. त्या वर्षी पहिली फेरी तीन सामन्यांची होती आणि तिन्ही सामने एकाच गावात, क्लीव्हलँडलाच. 5 ऑक्टोबरला दसरा होता. संध्याकाळी मंडळातून सोनं देऊन-घेऊन आल्यावर आपट्याची पानं अजून टेबलावर होती, तेव्हा लॅपटॉप उघडला. शनिवार 8 तारखेची दोन तिकिटं, 49 डॉलरचं एक, वर दोघांची मिळून 24 डॉलर फी, एकूण 122. ही फी शेवटच्या पानावर दिसते, त्यामुळे मनात आधीच पंचवीस टक्के चढवून ठेवा. तिकीट कागदावर येत नाही, फोनमधल्या बॉलपार्क अ‍ॅपमध्ये येतं. दोघांच्या फोनवर एकेक पाठवून ठेवलं की दारात एकाची बॅटरी गेली तरी दुसरा निदान आत जातो.

जागा निवडताना मला एक गोष्ट कळली होती, ती सांगते. पिचिंग बघायचं तर होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या जागेच्या, मागे बसायचं, मग कितीही उंचावर का असेना. बाजूला बसलात तर चेंडू नुसता जोरात जाताना दिसतो. मागून तो वळताना दिसतो.

अडचण एकच होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कोजागरी. मंडळाची कोजागरी अर्थातच शनिवारी, कारण सोमवारी सगळ्यांना ऑफिस आहे आणि चंद्राला कोण विचारतो. संध्याकाळी सात वाजता, साठ माणसं, मसाला दूध माझ्याकडे. सामना दुपारी 12 वाजून 7 मिनिटांनी. शुक्रवारचा पहिला सामना क्लीव्हलँडने 2-1 असा जिंकला आणि तो 2 तास 17 मिनिटांत आटोपला. हे म्हणाले, “झालं तर मग, तीनला आपण घरी.” मीही मान डोलावली. दुधाची यादी करून पर्समध्ये टाकली: दूध 4 गॅलन, साखर 3 पौंड, चारोळी, बदाम-पिस्ते, वेलची, जायफळ, केशर (कपाटात वरच्या फळीवर, डब्यामागे).

शनिवारी साडेदहाला ब्रूकपार्क स्टेशनवर गाडी लावली. तिथे पार्किंग फुकट आहे. रेड लाइनने टॉवर सिटी, माणशी अडीच डॉलर, तिथून बंदिस्त पादचारी मार्गाने चालत. गावात गाडी नेऊन सामन्याच्या दिवसाचे पार्किंगचे भाव देण्यापेक्षा हे सोपं. पर्स छोटीच घ्या, बॅगेचे नियम आदल्या दिवशी वाचा. आणि पांघरूण घ्या. ऑक्टोबरमध्ये ऊन असलं तरी सरोवरावरचा वारा वरच्या मजल्यावर अंगात शिरतो. आम्ही शाल नेली होती, यांनी ती आधी हसून आणि चौथ्या डावानंतर गपचूप घेतली.

माझ्या डावीकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, मांडीवर जाडजूड स्कोअरबुक. माझा घरी छापलेला कागद त्यांनी चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाले, “दहाच रकाने?” मी म्हटलं, नऊ डाव असतात ना, एक जास्तीचा ठेवलाय. ते काही बोलले नाहीत. मागच्या बाकांवर 1973 पासून एक प्रेक्षक ढोल वाजवायचे, जॉन अ‍ॅडम्स, आजारपणामुळे ते तेव्हा येत नव्हते, हे त्यांनी मला सांगितलं. ढोल नाही तर सामना मुका वाटतो, म्हणाले.

समोर टँपा बे रेज. त्यांचा पिचर टायलर ग्लासनाऊ, 6 फूट 8 इंच, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर नुकताच परतलेला. आपला ट्रिस्टन मॅकेन्झी, उंच आणि इतका सडपातळ की आईने बघितलं असतं तर आधी जेवायला बसवलं असतं. क्रिकेट बघून वाढलेल्यांना सांगते, इथे चेंडूला टप्पा नाही. सगळं हवेतच करायचं. 60 फूट 6 इंचांवरून, थोड्या उंचवट्यावरून, गोल बॅटच्या माणसाला फसवायचं. मॅकेन्झीचा एक चेंडू सरळ आणि वेगात यायचा, पुढचा तशाच हाताने निघून फलंदाजाच्या छातीवरून गुडघ्यापर्यंत खाली पडायचा. फलंदाज पहिल्याची वाट बघत दुसऱ्याला बॅट फिरवायचा. दुसऱ्या डावापर्यंत मी त्याचा चेहरा बघायचं सोडून कॅचरचा हात बघायला लागले. हात जिथे धरलाय तिथे चेंडू येतो का, एवढंच. बहुतेक वेळा येत होता. सहा डाव, दोन फटके, आठ ‘के’. ग्लासनाऊनेही पाच डावांत दोनच फटके दिले.

यांना मात्र काहीच दिसत नव्हतं. पाचव्या डावात विचारलं, “चालू कधी होणार?”

बाबांचंही तेच. भारतात रात्रीचे साडेअकरा-बारा वाजलेले, त्यांना झोप येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, “किती?” मी लिहिलं, शून्य-शून्य. अर्ध्या तासाने पुन्हा, “किती?” शून्य-शून्य. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, “दोन्हीकडे नाडकर्णी दिसतात.”

सहाव्या डावात जरा गडबड झाली. रेजने नवा पिचर आणला, पीट फेअरबँक्स. त्याने दोघांना वॉक दिला, म्हणजे नीट चेंडू न टाकल्यामुळे ते फुकट बेसवर गेले. मग तो बोट झटकायला लागला. बोटाला संवेदनाच राहिली नव्हती. तो गेला, जेसन अ‍ॅडम आला. सगळं स्टेडियम उभं. माझ्या शंकरपाळ्यांच्या बाजू गडद व्हायला लागल्या, आणि तिथेच थांबल्या. धाव नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, असे डाव लिहायला फार छान असतात. यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता दोघं मिळालेत एकाच पंथाचे.

मधल्या वेळात खाल्लं. शाकाहारी असाल तर प्रेट्झेल, बटाट्याच्या काड्या, शेंगदाणे, एवढ्यावर भागवायची तयारी ठेवा. इथली तपकिरी मोहरीची चटणी, बर्टमनची, मात्र घ्याच. मिरचीच्या लोणच्यात फेसलेली मोहरी नाकात जाते तशी जाते. दोघांचे 31 डॉलर झाले.

नऊ डाव संपले, 0-0. तीन केव्हाच वाजून गेले होते. नियमित हंगामात दहाव्या डावापासून एक माणूस आयताच दुसऱ्या बेसवर ठेवतात, म्हणजे सामना लवकर तुटतो. प्लेऑफमध्ये ती सोय नाही. हे मला माहीत नव्हतं. मी दहाव्या रकान्याशी आले, तो भरला, आणि पेन्सिल कागदाच्या कडेला थांबली. शेजारच्यांनी काही न बोलता आपल्या बुकातून एक पान फाडून दिलं. त्यावर दोनच डावांची जागा होती, बाकी भागात त्यांच्या नातवाने गाड्या काढल्या होत्या.

बाराव्या डावात तिसऱ्या बेसवरून होजे रामिरेझने तोल जाता जाता फेक केली आणि पहिल्या बेसवर गेब्रियल अरियासने ती ताणून घेतली. पंचांनी सेफ दिलं. मी रेघ ओढली. मग रिप्ले मागितला, सगळे श्वास रोखून पडद्याकडे, आणि निर्णय उलटला, आउट. रेघ खोडून मी 5-3 लिहिलं. खोडरबराचा तो काळपट डाग आजही कागदावर आहे, आणि माझ्या मते त्या दिवसातली सर्वात चांगली नोंद तीच.

तेरावा डाव सुरू होताना कागद संपला. पर्समध्ये हात घातला तर हाताला लागली दुधाची यादी. मागची बाजू कोरी. त्याच वेळी लक्षात आलं की साडेचार होत आले आणि 4 गॅलन दूध माझ्या फ्रिजमध्ये आहे. शुभांगीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, तू आहेस कुठे? हा आवाज कसला?” यादीचा फोटो पाठवला, मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते सांगितलं, केशर डब्यामागे आहे ते दोनदा सांगितलं. मग कागद उलटा केला आणि सहा रेघा हातानेच आखल्या.

तेरा, चौदा, पंधरा हे तीन डाव आपल्या बाजूने सॅम हेंट्जेसने टाकले, डावखुरा, आडदांड. सहा ‘के’ घेतले. त्यांच्या बाजूने शेवटी आला कोरी क्लूबर. हा इथला जुना लाडका. क्लीव्हलँडकडून खेळताना त्याने 2014 आणि 2017 साली साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान मिळवला होता. आता विरुद्ध टोपी घालून तो आमच्यासमोर उभा. शेजारचे गृहस्थ त्याला हळूच म्हणाले, “कोरी, आज नको रे.” दुसऱ्या मजल्यावरून त्याला काय ऐकू जाणार.

पंधराव्या डावात पहिला फलंदाज ऑस्कर गोन्झालेझ. चोवीस वर्षांचा, पहिलाच हंगाम. तो बॅटिंगला येताना समुद्राखाली राहणाऱ्या पिवळ्या स्पंजच्या कार्टूनचं शीर्षकगीत लावायचा, आणि हजारो बाप्ये-बाया ते लहान मुलांसारखं गायचे. हेसुद्धा गात होते. मी ऐकलंय. मग बॅटचा आवाज आला, तो आवाज वेगळा असतो, हे टीव्हीवर कळत नाही. चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे गेला. संपलं. 1-0. 4 तास 57 मिनिटं.

लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी खाली बसून दुधाच्या यादीच्या मागे एक शंकरपाळं काळं करत होते. टोक मोडलं. शेजारच्यांनी आपली पेन्सिल दिली. दोघांनी मिळून ‘के’ मोजले, दोन्ही बाजूंचे, त्यांचे 39 भरले. प्लेऑफच्या इतिहासात एका सामन्यात इतके कधीच झाले नव्हते, आणि इतका वेळ शून्य-शून्यही कधी चाललं नव्हतं. माझे 38 का, ते बघायला वेळ नव्हता. गाडी पकडायची होती. (हे दोन्ही विक्रम आठवडाभरच टिकले. 15 ऑक्टोबरला सिएटलमध्ये ह्यूस्टनने 18 डावांनी 1-0 असं जिंकलं. त्यानंतर तीन दिवसांनी आम्हीही न्यू यॉर्ककडून हरून बाहेर पडलो.)

परतीच्या गाडीला रांग होती, घरी पोचायला सव्वासहा वाजले. गॅसवर ओघळलेलं दूध होतं, दूध नव्हतं. हॉलवर गेलो तेव्हा शुभांगीने सगळं केलेलं, फक्त जायफळ जरा जास्त पडलं होतं, आणि दहाच्या आत अर्धा हॉल पेंगायला लागला. कोजागरीला! एकूण खर्च, विचारणाऱ्यांसाठी: तिकिटं 122, गाडी 10, खाणं 31, म्हणजे 163 डॉलर. आणि शुभांगीला एक साडी देणं आहे.

रात्री तिन्ही कागदांचे फोटो बाबांना पाठवले. भारतात रविवारची सकाळ. त्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिलेला नाही. दोन तासांनी त्यांचा फोन आला.

“प्रत्येक डावात तीन बाद ना?”

“हो.”

“चौकटी नीट भरल्यास, बरं केलंस. त्या गाड्या कोणाच्या?”

“बाबा, सामना कसा वाटला?”

“तेराव्या डावात त्यांच्या बाजूचे दोनच बाद आहेत. तिसरा कुठाय?”

मी कागद काढून पाहिला. खरंच दोनच. मी म्हटलं, शुभांगीला फोन केला तेव्हा सुटला असेल.

“छे,” बाबा म्हणाले. कागद चाळल्याचा आवाज आला, बहुतेक त्यांनी फोटो छापून आणले होते. “तो फोन डाव सुरू व्हायच्या आधीचा, तूच सांगितलंस. मी इथे वेळा बघतोय. मी ‘किती?’ विचारलं, आणि तू मला ‘अजून शून्य’ लिहीत बसलीस.”